बायोप्सी रिपोर्टमधले 'मार्कर': मेंदूच्या आवरणातली गाठ कशी ओळखतात?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत बसल्यावर इअरफोन घरी राहिल्याचं लक्षात आलं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जिथे गाडी भलतीकडे गेली तिथे थोडी रुळावर आणलीय, बाकी बोललो तसंच आहे.

आज एआय नाही, नोकरी नाही, नवीन फोन तर नाहीच. आज बोलायचंय एका दोन पानी कागदाबद्दल. घरात कुणाची गाठ काढली की आठ-दहा दिवसांनी हा कागद येतो. इंग्रजीत असतो. त्यात 'ईएमए पॉझिटिव्ह', 'पीआर पॅची', 'केआय-६७ सहा ते आठ टक्के' असं काहीतरी लिहिलेलं असतं. आणि मग घरातल्या ज्या पोराने बीटेक केलंय, त्याच्या हातात तो कागद देतात. 'तू शिकलेला आहेस, वाच.' माझं बीटेक कॉम्प्युटरचं. पण मावशीला आणि मामाला तो फरक पटत नाही. त्यामुळे वाचायला लागलो, लोकांना विचारलं, आणि जे समजलं ते तुमच्यासमोर मांडतोय. मी डॉक्टर नाही. औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा. पण डॉक्टरांना प्रश्न विचारता यावेत इतकं तर आपण समजून घेऊच शकतो, नाही का?

गाठ नक्की असते कुठे?

आपला मेंदू कवटीत नुसता ठेवलेला नसतो. त्याच्याभोवती तीन पापुद्रे असतात. सगळ्यात बाहेरचा जाड आणि चिवट, त्याला ड्युरा म्हणतात. मधला कोळ्याच्या जाळ्यासारखा, तो अरॅक्नॉइड. आणि आतला अगदी नाजूक, मेंदूला चिकटलेला, तो पाया. या मधल्या पापुद्र्यातल्या पेशी वाढत गेल्या की जी गाठ होते ती मेनिन्जिओमा. हे नाव १९२२ मध्ये हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जनने दिलं.

म्हणजे ही गाठ मेंदूची नाही, मेंदूच्या आवरणाची आहे. बहुतेक वेळा ती मेंदूत शिरत नाही, बाहेरून दाबते. हळू वाढते, इतकी हळू की अनेकांना वर्षानुवर्षं कळतही नाही. मग डोकेदुखी, झटके, एका हाताची ताकद कमी होणं, नजर अधू होणं, असं काहीतरी सुरू होतं आणि एमआरआयमध्ये दिसते. बायकांमध्ये ही गाठ पुरुषांपेक्षा साधारण दुप्पट आढळते. यामागे काय असेल ते पुढे येईलच.

आता हळू वाढते म्हणून सोपी आहे असं नाही. कुशिंग यांनी १९१० मध्ये लिओनार्ड वुड नावाच्या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याची अशी गाठ काढली. माणूस बरा झाला, कामाला लागला, पुढे फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरलही झाला. पण गाठ परत आली आणि १९२७ मध्ये पुन्हा केलेल्या ऑपरेशननंतर तो गेला. या आजारातला खरा प्रश्न तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे: काढलेली गाठ परत येणार का? मार्करची सगळी धडपड या एका प्रश्नासाठी आहे.

मेण, काप आणि तपकिरी रंग

ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात. मग तो पॅराफिनच्या मेणात बसवतात. काडेपेटीपेक्षा लहान असा एक चौकोन होतो, त्याला 'ब्लॉक' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे. या ब्लॉकचे अतिशय पातळ काप करतात, चार मायक्रॉनच्या आसपास. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचेवर ठेवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं.

साध्या रंगात पेशींचा आकार आणि मांडणी दिसते. अनुभवी पॅथॉलॉजिस्टला बऱ्याचदा तेवढ्यावरच कळतं. पण काही वेळा दोन वेगळे आजार एकसारखे दिसतात. तेव्हा पेशीच्या आत किंवा अंगावर कोणतं प्रोटीन आहे ते बघावं लागतं. इथे येते इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. नाव मोठं आहे, काम सरळ आहे. अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रोटीनलाच जाऊन चिकटणारा रेणू. तो कापावर सोडायचा. जिथे ते प्रोटीन असेल तिथे तो चिकटतो. मग त्याला जोडलेल्या एन्झाइममुळे त्या जागी तपकिरी रंग उमटतो. बाकीच्या पेशी निळ्या राहतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही सर्च क्वेरी आहे. पेशींच्या गर्दीत 'हे प्रोटीन कुणाकडे आहे?' असं विचारायचं, आणि ज्यांच्याकडे आहे ते तपकिरी होऊन हात वर करतात.

आधी ओळख: ही गाठ आहे कुणाची?

मार्करची दोन कामं असतात. पहिलं काम ओळख पटवणं.

ईएमए हे जुनं, नेहमीचं प्रोटीन. मेनिन्जिओमात ते बहुधा सापडतं, पण कधीकधी अगदी फिकट. शिवाय स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही ते असतं, आणि हे कॅन्सर पसरून मेंदूच्या आवरणावर बसू शकतात. म्हणजे एकट्या ईएमएवर विश्वास ठेवून चालत नाही. आता एसएसटीआर-टूए हे प्रोटीन जास्त भरवशाचं मानतात. गंमत म्हणजे याच प्रोटीनचा उपयोग करून एक खास पेट स्कॅनही करतात, ज्यात औषध या प्रोटीनला चिकटतं आणि उरलेली गाठ चमकते.

मग 'हे नाही ना?' असं तपासायचे मार्कर असतात. एसटीएटी-६ पेशीच्या केंद्रकात दिसलं तर गाठ वेगळ्याच जातीची, सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. सॉक्स-१० दिसलं तर नसेच्या आवरणाची गाठ, श्वानोमा, डोक्यात येते. जीएफएपी दिसलं तर संशय मेंदूच्या आतल्या ग्लायोमाकडे जातो.

म्हणून रिपोर्टमध्ये एक नाही, चार-पाच नावं असतात. त्याला पॅनल म्हणतात. हिंगणघाटच्या बाजारात कापूस घेऊन गेलेल्यांना हे लगेच कळेल. ग्रेडर नुसता ओलावा मोजून भाव लावत नाही. धाग्याची लांबी बघतो, रंग बघतो, कचरा किती ते बघतो, मग ग्रेड सांगतो. एका आकड्यावर गाडी खाली होत नाही.

मग ग्रेड: परत येईल का?

दुसरं काम म्हणजे गाठीचा स्वभाव सांगणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेनिन्जिओमाचे तीन ग्रेड आहेत. साधारण ८० टक्के गाठी ग्रेड १ च्या असतात, म्हणजे सौम्य. ग्रेड २ ला अटिपिकल म्हणतात, ती परत येण्याची शक्यता जास्त. ग्रेड ३ दुर्मीळ, पण खरोखर घातक.

ग्रेड ठरवताना पॅथॉलॉजिस्ट विभागत असलेल्या पेशी मोजतो. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली १० जागा बघून ४ किंवा जास्त सापडल्या तर ग्रेड २, आणि २० किंवा जास्त सापडल्या तर ग्रेड ३. गाठ मेंदूत घुसलेली दिसली तरी ग्रेड २ होतो. पेशींच्या रूपावरूनही काही निकष आहेत.

आता आपला केआय-६७. जी पेशी विभागण्याच्या चक्रात आहे तिच्यात हे प्रोटीन असतं, जी निवांत बसलीय तिच्यात नसतं. नावाची गोष्ट मजेदार आहे. जर्मनीतल्या कील या शहरात १९८३ मध्ये याची अँटिबॉडी सापडली, म्हणून 'केआय'. आणि प्रयोगाच्या ट्रेमध्ये ती ६७ नंबरच्या खळग्यात होती, म्हणून ६७. आपल्यासारख्यांनी व्हेरिएबलला नाव द्यावं तसंच झालं.

केआय-६७ आठ टक्के म्हणजे मोजलेल्या १०० पेशींपैकी ८ पेशी कामावर हजर आहेत. आकडा जास्त तर परत येण्याची शक्यता जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. चार-पाच टक्क्यांच्या वर गेला की डॉक्टर जरा सावध होतात. पण नीट ऐका, एकट्या या आकड्यावर ग्रेड ठरत नाही. कारण तो कोणत्या कोपऱ्यात मोजला, कोणत्या लॅबमध्ये रंगवला, कोणी मोजला, यावर बदलतो. एकाच गाठीत एका बाजूला दोन टक्के आणि दुसऱ्या बाजूला नऊ टक्के असू शकतात.

पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. बायकांच्या शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन ज्याला जाऊन चिकटतं ते प्रोटीन. ग्रेड १ च्या बहुतेक गाठींत हे भरपूर असतं, ग्रेड वाढला की कमी होत जातं. म्हणजे इथे 'पॉझिटिव्ह' ही बरी बातमी आहे! पॉझिटिव्ह शब्द वाचला की आपल्या पोटात गोळा येतो, कोरोनाने सवयच लावलीय. पण प्रत्येक मार्करचा अर्थ वेगळा.

बायकांमध्ये ही गाठ जास्त का, याचा एक धागा इथेच आहे. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फ्रान्समधला एक मोठा अभ्यास आला. मेनिन्जिओमाचं ऑपरेशन झालेल्या १८,०६१ बायकांची माहिती त्यात होती. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे इंजेक्शन एक वर्ष किंवा जास्त घेणाऱ्यांमध्ये धोका वाढलेला दिसला. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाने गर्भनिरोधक इंजेक्शन मिळतं, त्यात हेच औषध असतं. घाबरून उद्यापासून बंद करू नका. गाठ मुळात दुर्मीळ आहे, आणि त्या अभ्यासात हे इंजेक्शन घेणाऱ्या बायका थोड्याच होत्या. पण बरीच वर्षं घेत असाल तर डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही.

मावशीचा कागद

माझी मावशी आर्वी तालुक्यातली. वय ५३. मागच्या वर्षी शेतात झटका येऊन पडली. एमआरआय झाला, नागपूरला ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली असं सर्जननी सांगितलं. घरात आनंद. मग रिपोर्ट आला: 'अटिपिकल मेनिन्जिओमा, ग्रेड २, पुढील मार्कर तपासणीचा सल्ला.' काउंटरवर विचारलं तर 'डॉक्टरांना दाखवा' यापलीकडे कुणी बोललं नाही. दोन दिवसांत अख्ख्या गावात कॅन्सर झाला म्हणून बोभाटा.

मावशीने फोन केला. "बाबू, कागदावर दोन नंबर लिवला हाय म्हणते. मंग मले कॅन्सर झाला का? खरं सांग."

मी म्हटलं, "तसं नाही मावशी. वाईट जातीची नाही, पण एकदम साधीही नाही. लक्ष ठेवावं लागेल."

"मंग ते लाइट घ्या लागते का?"

लाइट म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे तसंच म्हणतात. आणि हाच खरा प्रश्न होता. ग्रेड ३ असेल तर रेडिएशन देतातच. ग्रेड १ पूर्ण निघाली असेल तर सहसा नुसतं लक्ष ठेवतात. पण ग्रेड २ पूर्ण निघालेली असेल तर? यावर जगभरातल्या डॉक्टरांचंही एकमत नाही. रेडिएशन म्हणजे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, साधारण तीस बैठका. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत. काका म्हणाले, शेत ठेक्याने देऊ, पण लाइट घेऊनच टाकू. मामा म्हणाला, मेंदूवर उगाच कशाला. भांडणं व्हायला लागली.

तेव्हा आम्ही ब्लॉक मागितला. तीन चकरा माराव्या लागल्या, पण मिळाला. तो दुसऱ्या मोठ्या संस्थेत दाखवला. तिथे मार्कर लागले. ईएमए आणि एसएसटीआर-टूए पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ मेनिन्जिओमाच. पीआर ठिकठिकाणी. केआय-६७ सहा ते आठ टक्के. विभागणाऱ्या पेशी १० जागांत ५. मेंदूत घुसलेली नाही. म्हणजे ग्रेड २ तोच राहिला, पण २ च्या खालच्या टोकाला. तिथल्या सर्जन, रेडिएशनवाले आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. मावशीने दर सहा महिन्यांनी एमआरआयची वाट निवडली. निवडली तिनेच, आम्ही नाही.

सगळं झाल्यावर ती मला म्हणाली, "येवढे पैसे लावून रंग काहून लावला, ते आता समजलं. ग्रेडर कापूस ओढून पायते, तसंच हाय ना?" कापसाचं उदाहरण तिचं आहे, मी वर ढापलं.

एक एमआरआय स्वच्छ आला. पुढचा दिवाळीनंतर आहे. तो कसा येईल हे कुठलाच मार्कर छातीठोकपणे सांगू शकत नाही. मार्कर शक्यता सांगतात.

मुंबईतला अभ्यास: रक्तातून कळेल का?

तुम्ही म्हणाल, गाठ कापायची, मेणात बसवायची, एवढं कशाला? रक्त तपासून नाही का कळणार? हा प्रश्न आपल्याच राज्यात अभ्यासला गेलाय.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. संजीव श्रीवास्तव यांची प्रोटिओमिक्सची प्रयोगशाळा आहे. प्रोटिओमिक्स म्हणजे एकेक प्रोटीन न बघता शेकडो प्रोटीन एकदम मोजणं. त्यांनी टाटा मेमोरियल सेंटरचे न्यूरोसर्जन डॉ. अलियासगर मोयादी आणि तिथल्या पॅथॉलॉजिस्टसोबत मेनिन्जिओमाच्या रुग्णांचं रक्त तपासलं. वेगवेगळ्या ग्रेडचे रुग्ण घेतले आणि प्रोटीनमधला फरक बघितला. हा अभ्यास २०१४ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या जर्नलमध्ये आला.

त्यात काय दिसलं? अपोलायपोप्रोटीन-ई, अपोलायपोप्रोटीन ए-१ आणि हिमोपेक्सिन ही तीन प्रोटीन रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्यात चांगला फरक दाखवत होती. आणि व्हिमेंटिन, अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन, अँटिथ्रॉम्बिन-३ अशी काही प्रोटीन ग्रेड वाढेल तशी पायरीपायरीने वाढत होती. रक्त गोठण्याशी, चरबी वाहून नेण्याशी आणि प्रतिकारशक्तीशी जोडलेल्या साखळ्यांत बदल दिसत होते.

मग दवाखान्यात ही टेस्ट का नाही? इथे सॉफ्टवेअरवाल्यांनी कान टवकारा. आपण स्पॅम फिल्टर लावतो तेव्हा कुठेतरी रेघ मारावी लागते. रेघ खाली घेतली तर चांगले मेल स्पॅममध्ये जातात, वर घेतली तर स्पॅम इनबॉक्समध्ये येतो. रक्तातल्या मार्करचंही तसंच. आणि ही प्रोटीन फक्त गाठीमुळे बदलत नाहीत. अपोलायपोप्रोटीन चरबी वाहून नेतात, हिमोपेक्सिन रक्तातलं सुटं हीम पकडतं. खाणं, लिव्हर, शरीरातली सूज, अशा कितीतरी कारणांनी ती वरखाली होतात.

हिशेब करून बघा. समजा टेस्ट इतकी चांगली आहे की निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना ती बरोबर 'नाही' सांगते. एक लाख निरोगी लोकांची तपासणी केली तर ५,००० लोकांना उगाच 'गाठ असू शकते' असं सांगितलं जाईल. त्यांचे एमआरआय, त्यांच्या रात्री, त्यांचं कर्ज कोण भरणार? म्हणून अशा अभ्यासांनंतर मोठ्या संख्येवर, वेगवेगळ्या दवाखान्यांत पडताळणी लागते. अभ्यासाचं मोल कमी होत नाही. गाठीच्या आत काय चालतं ते समजायला आणि उद्याची औषधं शोधायला तो पाया आहे. पण व्हॉट्सअॅपवर 'एका थेंबात ब्रेन ट्यूमर ओळखा' असं आलं तर पैसे भरण्याआधी हा हिशेब आठवा.

पुढे काय चाललंय?

२०२१ च्या जागतिक वर्गीकरणात जनुकंही आली. टर्ट नावाच्या जनुकाच्या प्रमोटरमध्ये बदल असेल, किंवा सीडीकेएन-टूए/टूबी जनुकाच्या दोन्ही प्रती गायब असतील, तर पेशी दिसायला कितीही साध्या असल्या तरी ग्रेड ३ धरतात. एचथ्री-के२७ ट्रायमिथायलेशन नावाचा रंग गाठीत उमटलाच नाही, तर गाठ लवकर परत येण्याचा धोका जास्त असल्याचं दिसलंय. म्हणजे पूर्वी रूपावरून स्वभाव ओळखायचे, आता आतल्या कागदपत्रांवरून ओळखतात.

तुमच्या घरात असा रिपोर्ट आला तर

एक, रिपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. ऑपरेशनच्या नोट्सही मागा, गाठ किती निघाली ते त्यात असतं. गाठ परत येण्याशी त्याचा थेट संबंध असतो, हे डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ मध्येच दाखवलंय.

दोन, ब्लॉक आणि काचा कुठे ठेवल्यात ते विचारा. मेणातला ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. दुसरं मत हवं असेल तर पेशंटला पुन्हा कापायची गरज नाही, ब्लॉक नेला की झालं.

तीन, दुसऱ्या मतासाठी दर वेळी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यातच दोन मेडिकल कॉलेज आहेत. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केली, तीही खेड्यात, खेड्यातल्या लोकांसाठी. दुसरं सावंगी मेघेला. आधी तिथल्या पॅथॉलॉजी विभागात चौकशी करा, कोणती तपासणी तिथे होते आणि कोणती बाहेर पाठवावी लागते ते विचारा. योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला विचारा.

चार, डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. ग्रेड कशावरून ठरला? गाठ पूर्ण निघाली का? आणि आता रेडिएशन न घेता लक्ष ठेवलं तर काय धोका आहे? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत.

पाच, पेशंटला बाजूच्या खोलीत बसवून निर्णय घेऊ नका. डोकं त्यांचं आहे. त्यांना समजेल अशा भाषेत सांगा, मग ते वऱ्हाडीत असो नाहीतर कापसाच्या भाषेत.

तर मंडळी, आजचं इतकंच. घरातला रिपोर्ट मला पाठवून 'काय आहे बघ' म्हणू नका, मी सांगू शकणार नाही आणि सांगूही नये. पण रिपोर्टमधला एखादा शब्द अडला असेल तर तो शब्द पाठवा, पुढच्या एखाद्या भागात त्याचा अर्थ उलगडू. हा भाग ज्यांच्या घरी अशी धावपळ सुरू आहे त्यांच्यापर्यंत पोचवा. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या!